अकरा जणींचा नवरा

माझं लग्न एकदाच झालं, अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात. पण त्याच्या तीन-चार महिने आधी सरकारी कागदावर मला अकरा बायका होत्या. त्यातल्या एकीचंही तोंड मी पाहिलेलं नव्हतं. हा घोळ माझ्याच हातानं झाला आणि निस्तरायलाही मलाच जावं लागलं, म्हणून सांगतो.

मी चांद्याला जंगल खात्याच्या कचेरीत कारकून होतो. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. आमचं गाव ब्रह्मपुरीकडचं, घरी धानाची शेती. मॅट्रिक झालो तेव्हा माझ्यापाशी दोन गोष्टी होत्या, सुंदर अक्षर आणि तापट डोकं. अक्षरामुळे नोकरी लागली आणि डोक्यामुळे बढती अडली, असं आमचे बडे बाबू म्हणायचे. उगाच म्हणत नव्हते.

राज्य बदललं आणि नागपूरऐवजी मुंबईहून कागद यायला लागले. पाठोपाठ आणे जाऊन नवे पैसे आले. मजुरांच्या हजेरीचा कागद, ज्याला सगळे मस्टर म्हणत, तोही बदलला. जुन्या मस्टरला सहा रकाने होते, नव्याला तेरा. हे मस्टर भरायचं जंगलातल्या मुन्शींनी. कोण मजूर किती दिवस आला, त्यानं काय काम केलं, त्याचा चुकारा किती, हे मुन्शी लिहिणार आणि त्यावरून आम्ही पगार काढणार. बहुतेक मुन्शी चौथी शिकलेले, काही तेवढेही नाहीत. पहिल्याच महिन्यात अर्धी मस्टरं चुकीची आली आणि जंगलातल्या मजुरांचे पैसे अडकले.

साहेब पुण्याकडचे होते, शिस्तीचे. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "या लोकांना समजेल असं एक पुस्तक तयार करा. मग सिंदेवाहीला वर्ग घ्या. पुस्तक असं हवं की मुन्शीला पुन्हा कोणाला काही विचारावं लागू नये."

आजवर कचेरीत मला कोणी असं काम दिलं नव्हतं. मी हट्टाला पेटलो. मनाशी ठरवलं, की असं पुस्तक लिहीन की झाडाखाली बसलेला माणूससुद्धा त्यावरून बिनचूक मस्टर भरेल. कचेरी सुटली की खोलीवर येऊन लिहायला बसायचो. माय माझ्यासोबत चांद्याला राहायची, बाबा गावी शेतीवर. माय तांदूळ निवडत बसली की मी तिला एकेक पान वाचून दाखवायचो. तिला अक्षरओळख नव्हती. तिला जे कळलं नाही ते मी खोडायचो. 'उपस्थिती' खोडून 'हजेरी' केलं, 'देय रक्कम' खोडून 'चुकारा' केलं. एकदा ती म्हणाली, "हे वाक्य लय लांब हाय, मधात दम लागते." मी त्याची तीन वाक्यं केली. आजही मला वाटतं, लिहायला मी तिच्यापाशीच शिकलो.

तेवढा एक नमुना मात्र मी तिला वाचून दाखवला नाही. शेवटच्या पानावर भरलेल्या मस्टरचा नमुना होता, तेरा रकान्यांचा तक्ता. तक्ता काय वाचून दाखवायचा?

त्या नमुन्यातच मी माती खाल्ली. साहेबांनी बजावलं होतं, की नमुन्यात बाईमजूर दाखवा आणि खऱ्या मजुराचं नाव वापरू नका, उगाच तक्रार नको. बाईचं नाव मी मनानं रचलं. त्यापुढचा रकाना होता, 'बापाचे किंवा नवऱ्याचे नाव'. तिथे माझा हात थांबला. सरकारी पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. वर साहेबांचा हुद्दा येणार, खाली कचेरीचा शिक्का. चार महिने डोळे फोडले ते मी, आणि माझं नाव कुठेच नाही! मी त्या रकान्यात माझंच नाव घातलं. आपलं, बापाचं, आडनाव, पूर्ण. स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं लिहिताना इतकं वळणदार काढलं की सायक्लोस्टाइलच्या प्रत्येक प्रतीवर ते उठून दिसत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सिंदेवाहीच्या शाळेची एक खोली सुट्टीत मिळाली. तीसेक मुन्शी आले. मुलांच्या बाकांवर मोठे मोठे पुरुष गुडघे वर करून बसले. पहिल्या बाकावर अहेरीकडचा एक मुन्शी होता, पन्नाशीचा. आधी तो बांबू तोडायला जायचा. एका नाकेदारानं, म्हणजे जंगलाच्या पहारेकऱ्यानं, त्याला तिशीत अक्षरं शिकवली होती. लिहिताना त्याची जीभ बाहेर यायची. पुस्तक त्यानं धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलं होतं, पान उलटण्याआधी हात पुसायचा. त्याच्या शंका मात्र संपत नव्हत्या.

"मास्तर, माणूस अर्धा दिवसच आला तं?"

सांगितलं.

"मास्तर, पाणी आलं अन् काम बंद पडलं तं?"

तेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पुन्हा बोट वर केलं. "मास्तर, जंगलात तं तुम्ही नसान. तिथी अडलं तं कोनाले इचारू?"

ऊन तापलं होतं, माझंही डोकं तापलं. मी पुस्तक टेबलावर आपटलं. "अडलं तर नमुना पाहा! नमुन्यात आहे तसं लिहा! एकही रकाना कोरा ठेवू नका आणि आपलं डोकं चालवू नका!"

सगळे खाली पुस्तकात पाहायला लागले. तो मान हलवून म्हणाला, "बराबर हाय," आणि हे वाक्य त्यानं पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मला त्या वेळी बरं वाटलं. वर्ग ताब्यात आहे असं वाटलं.

माघ महिना होता. जंगलात फायर लाइनची कामं सुरू झाली होती. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून पट्ट्यापट्ट्यानं पालापाचोळा झाडून काढायचा असतो, आणि त्या कामावर बायाच जास्त असतात. एका सकाळी बडे बाबूंनी मला हाक मारली. त्यांच्यासमोर अहेरीकडचं एक मस्टर पसरलेलं होतं. त्यांचा चेहरा असा, की हसावं की रडावं ते त्यांनाही कळत नव्हतं.

"बाबू," ते म्हणाले, "तुमची सोयरीक चालली हाय म्हनून आयकलं होतं. मंग ह्या कोन?"

मी पाहिलं. अकरा बायका, एकाखाली एक. प्रत्येकीच्या नावापुढे नवऱ्याचं नाव म्हणून माझं नाव. आपलं, बापाचं, आडनाव, पूर्ण. अकरा वेळा. खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही. पहिल्या बाकावरच्या त्या मुन्शीनं इतकं जपून मस्टर कधी लिहिलं नव्हतं.

तोवर कचेरीभर बातमी झाली होती. कोणी विचारलं, बारावीला घरात जागा आहे का. कोणी म्हणालं, आता मुलीकडच्यांना पत्र टाका, की वऱ्हाडात अकरा जणी घरच्याच येतील. मीही हसलो. मग साहेबांनी आत बोलावलं आणि हसणं संपलं.

खोटी माणसं मस्टरवर दाखवून पैसे खाणं हा खात्यातला जुना रोग. साहेबांनी तो मुळापासून काढायचं ठरवलेलं होतं. ते म्हणाले, "अकरा बायकांना एक नवरा असत नाही. म्हणजे या बायकाच खोट्या आहेत. मुन्शीला मी कामावरून बंद केलं आहे, या अकरा नावांचा चुकारा थांबवला आहे. पोलिसात द्यायचं की नाही ते पुढच्या आठवड्यात बघू. त्यानं तुमचंच नाव का घातलं?"

आता हे लिहितानासुद्धा लाज वाटते. मला कारण कळलं होतं. मस्टर बघताच कळलं होतं. पण साहेबांच्या टेबलावर माझं पुस्तक नव्हतं, आणि नमुन्यातलं नाव वाचत बसायला त्यांना कधी सवड झाली नव्हती. मी म्हणालो, "माहीत नाही, साहेब. वर्गात मी त्याच्यावर ओरडलो होतो. त्याचा राग असेल."

साहेब म्हणाले, "हं." मी बाहेर आलो.

घरी येऊन मी मायपुढे त्या मुन्शीच्या नावानं खडे फोडले. एवढं शिकवलं ते पालथ्या घड्यावर पाणी, नमुन्यातलं नाव कोणी उचलून लिहितं का, एवढी अक्कल नको का, असं बरंच बोललो. माय चुलीपुढे बसून भाकर थापत होती. माझं बोलून संपल्यावर तिनं विचारलं, "त्यानं त्या बायाइले नवऱ्याचं नाव इचारलं असन ना?"

"विचारलंच असेल."

"मंग त्या कशा सांगतीन?"

तिनं भाकर तव्यावर टाकली.

"तुह्या शाळेत नाव घालाले मी आली होती," ती म्हणाली. "गुरुजीनं इचारलं, पोराच्या बापाचं नाव काय. मी खाली पाहून उभी. तू माह्या लुगड्याले धरून उभा. मंग शेजारची बाई बोलली तवा गुरुजीनं लिवलं. आठवते का?"

आठवत होतं. माझ्या मायनं माझ्या बापाचं नाव उभ्या जन्मात घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. ती 'थे' म्हणायची, 'घरचे' म्हणायची. रेशनचं कार्ड करायला गेलो तेव्हाही नाव मीच सांगितलं होतं. ज्या बाईला पानपान वाचून दाखवून मी पुस्तक लिहिलं, तिलासुद्धा जो रकाना भरता आला नसता तो मी नमुन्यात घातला. त्यावर फर्मान काढलं, की कोरा ठेवू नका. आणि अडलं तर नमुना पाहा. तो माणूस अडला होता, त्यानं नमुना पाहिला होता. माझ्या पुस्तकानुसार बिनचूक वागलेला सगळ्या जिल्ह्यातला तो एकटाच मुन्शी होता आणि त्यालाच मी चोर ठरवून आलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच साहेबांपुढे पुस्तकाचं शेवटचं पान उघडून ठेवलं. म्हणालो, "काल मी खोटं बोललो." सगळं सांगितलं, नाव का घातलं तेही. साहेबांनी तो नमुना बराच वेळ पाहिला. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते हळू बोलले. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"तुम्ही मूर्ख आहात हे सिद्ध झालं," ते म्हणाले. "त्या बायका खऱ्या आहेत हे अजून सिद्ध झालेलं नाही. आठ दिवस देतो. अकराच्या अकरा जणी समोर उभ्या करा, प्रत्येकीची ओळख लिहून नाकेदाराची सही आणा. एक जरी कमी पडली तर मस्टर खोटं धरीन. मग मुन्शी जाईल आणि त्याच्या मागून तुम्ही."

मी त्याच दिवशी निघालो. बस नदीपर्यंत होती, तिथून डोंग्यानं पलीकडे, पलीकडे दुसरी गाडी मिळाली ती अहेरीपर्यंत. अहेरीला नाकेदार भेटला. त्याच्यासोबत सायकलवर पुढे गेलो, जिथे सायकल चालेना तिथे ती खांद्यावर घेऊन. सागाची पानं गळून वाटेवर पडली होती, पाऊल टाकलं की कुरकुर वाजायची. मनात एकच घोकत होतो, अकरा, एकही कमी नाही.

मुन्शी त्याच्या खोपटाबाहेर बसला होता. काम बंद होऊन दोन-तीन दिवस झाले होते, पण तो घरी गेला नव्हता. मला बघून उठला आणि आत जाऊन फडक्यातलं पुस्तक घेऊन आला.

"हे घेऊन जाले आले ना मास्तर? घ्या. मी काई फाडलं नाई."

"भाऊ, बसा," मी म्हणालो. "तुम्ही अकरा जणींपुढे एकच नाव का लिहिलं?"

"बाया बोलेत ना! इचारलं का पदर तोंडावर. त्याहीचे मानसं तिकडं कुपावर, जंगल तोडाच्या जागी, बांबू तोडून राह्यले, दोन दिवसाची वाट. रकाना कोरा ठेवाचा नाई. मंग नमुना पाह्यला. मले वाटलं, जिथी नवऱ्याचं नाव भेटत नाई तिथी लिवाचं सरकारी नाव असन हे. जसं अर्जात 'सदर' लिवते तसं." तो थांबला. "मास्तर, हे नाव कोनाचं होय?"

वर्गात सगळे मला मास्तरच म्हणत. माझं नाव त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

"माझं," मी म्हणालो. "आणि चूकही माझी. तुमची काही नाही. साहेबांना मी तसं सांगून आलो आहे."

मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतो आहे, पण तो हसत होता. "अकरा!" तो म्हणाला, "बापा बापा!" आणि हसता हसता खरंच रडला. त्याच्या घरी पाच माणसं खाणारी होती. चोरीचा डाग घेऊन गावात जायची हिंमत झाली नाही, म्हणून तो तिथेच बसून होता. मी त्याचा हात धरला. त्या दिवशी मला माझ्या अक्षराचासुद्धा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायांना बोलावलं. चुकारा थांबल्यामुळे त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. अकराही आल्या, मोहाच्या झाडाखाली ओळीनं बसल्या, हातात झाडायच्या फांद्या. मी पहिलीला विचारलं आणि तिनं पदर ओढला. मग मायची शाळेतली गोष्ट आठवून मी तिच्या शेजारणीकडे वळलो. "हिच्या घरच्याचं नाव तुम्ही सांगा." शेजारीण चटकन बोलली. मग पहिलीनं दुसरीच्या नवऱ्याचं सांगितलं. काम सरसर चाललं, खिदळणं सुरू झालं. नाकेदार त्या गावांचा माहीतगार होता, तो एकेक नाव ऐकून मान डोलवायचा. दहा झाल्या.

अकरावी शेवटी बसली होती, बाकीच्यांपासून जरा अंतरावर. तिशीची असेल. सिरोंच्याकडची, तेलुगू मुलखातली, मासेमाऱ्याच्या घरची. नवरा कोळशाच्या खाणीवर म्हणून गेला तो परतलाच नव्हता, आणि ती एकटीच कामं शोधत इथवर आली होती. तिच्या नवऱ्याचं नाव तिथे कोणालाच माहीत नव्हतं, नाकेदारालाही नाही.

"बाई, तुम्हालाच सांगावं लागेल," मी म्हणालो.

ती खाली बघत राहिली.

मी समजावलं. म्हणालो, तुमचे पैसे अडले आहेत, या भाऊंची नोकरी जाईल, एकदाच सांगा. माझा आवाज चढायला लागला तसा मुन्शीनं माझ्या दंडाला हात लावला. "राहू द्या मास्तर. तिचा मानूस कुठी हाय, जिता हाय का नाई, तिलेच मालूम नाई. नाव घेतलं अन् त्याले काई झालं तं? नका घेऊ तिच्या तोंडून. माही नोकरी गेली तं गेली."

ज्याची भाकर जाणार होती तो हे म्हणत होता, आणि मी पैशाची भीती घालत होतो. मी कागद खाली ठेवला. काय करावं ते सुचेना, पण तिच्यावर पुन्हा ओरडायचं नाही एवढं नक्की केलं.

मग तीच बोलली, तिच्या तेलुगू वळणाच्या बोलीत. "बापाचं सांगितलं तर चालत नाई का?"

मी मस्टर उचलून वरचा मथळा वाचला. 'बापाचे किंवा नवऱ्याचे नाव'. बापाचे किंवा. नमुन्यासाठी हाच मथळा मी स्टेन्सिलवर उतरवला होता, माझ्याच वळणदार अक्षरात. त्यातला पहिला शब्द मी स्वतः कधी वाचलाच नव्हता, कारण त्या रकान्यात मला माझं नाव घालायचं होतं. तिथे नवरा लिहिण्याचं सरकारनं कोणाला बांधून दिलं नव्हतं. ते मी बांधून दिलं होतं.

"चालते," मी म्हणालो. "बाई, एकदम चालते."

तिनं मान वर केली आणि बापाचं नाव सांगितलं, स्पष्ट, मोठ्यानं, झाडावरच्याला ऐकू जाईल असं. वर न विचारता सांगितलं, की तो गोदावरीत जाळं टाकायचा, की त्याच्याएवढं लांब जाळं काठावर कोणी फेकत नव्हतं. हे ऐकून बाकीच्या दहाजणी उठल्याच. "आमचंबी बापाचंच लिवा!" शेजारणीनं सांगितलेली नवऱ्यांची नावं राहिली बाजूला. मी नवा कागद घेतला. प्रत्येक बाई पुढे येऊन आपल्या बापाचं नाव आपल्या तोंडानं सांगत होती, गाव सांगत होती, काहीजणी तर बापाच्या बैलांचा रंगही सांगत होत्या. मुन्शी जीभ बाहेर काढून माझ्याशेजारी दुसरी प्रत लिहीत होता. खाली अकरा अंगठे उठले आणि नाकेदारानं सही केली.

सातव्या दिवशी तो कागद मी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी प्रत्येक ओळ वाचली. चुकारा सुटला, मुन्शी कामावर आला, माझी एक वर्षाची पगारवाढ बंद झाली. ती मला रास्त वाटली. साहेब एवढंच म्हणाले, "पुस्तक पुन्हा लिहा. या वेळी नीट."

पुन्हा लिहिलं. दोन नियम खोडले. 'एकही रकाना कोरा ठेवू नये' याच्या जागी लिहिलं, 'माहीत नसेल तर रकाना कोरा ठेवावा आणि का ठेवला ते शेजारी लिहावे'. 'अडल्यास नमुना पाहावा' याच्या जागी, 'अडल्यास समोरच्या मजुराला विचारावे'. आणि नवा नियम, बाईला बापाचं नाव विचारावं.

राहिला नमुना. त्या रकान्यात कोणाच्या तरी बापाचं नाव तर हवंच. मी मायला विचारलं, "माय, तुझ्या बापाचं नाव काय गं?" आजा माझ्या जन्माआधीच गेलेला. आम्ही त्याला नुसतं आजा म्हणायचो, ते नाव मी कधी विचारलंच नव्हतं. तिनं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा एकदा सांगितलं, मी न विचारता. "तुह्या पुस्तकात लिवतं?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिनं ते शेजारणीलाही सांगून टाकलं.

या वेळी स्टेन्सिल कापण्याआधी मी वर्ग घेतला. तिथेच, सिंदेवाहीला. नमुना फळ्यावर काढला आणि आजाचं नाव त्या रकान्यात लिहिलं. पहिल्या बाकावर तोच मुन्शी होता. त्यानं बोट वर केलं.

"मास्तर, हा बाप कोनाचा? नमुन्याचा का खरा?"

"खरा. माझ्या मायचा."

तो विचारात पडला. "मंग पुसा थे. नाईतं कोनी माह्यासारखा भेटला तं जंगलातल्या समद्या बाया तुमच्या मावश्या होतीन."

वर्ग खो खो हसला. माझ्या कानशिलापर्यंत राग चढला, जुना ओळखीचा राग, आणि तिथेच थांबला. कारण त्याचं बरोबर होतं. पगारवाढ गमावूनही मी पुन्हा त्याच रकान्यात आपल्या घरचं माणूस बसवत होतो. मी डस्टर घेतलं आणि आजाचं नाव पुसलं. नमुन्यात तो रकाना कोराच छापायचा असं ठरलं.

पहिली प्रत घेऊन घरी गेलो. मायनं हात पुसून ती मांडीवर घेतली. "कुठी हाय माह्या बापाचं नाव?"

मी शेवटचं पान उघडलं. खोटं बोलावंसं वाटलं, तिला वाचता येत नव्हतं. पण आता खोटं बोलायचं नव्हतं. "इथे येणार होतं," मी म्हणालो, "पण पुसावं लागलं. ही जागा कोरी ठेवली, माय."

तिनं माझं बोट धरून त्या रिकाम्या चौकोनावर नेलं, मग आपलं बोट ठेवलं. "इथी?"

"इथेच."

ती थोडा वेळ बोट तिथेच ठेवून बसली. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"बरं केलं," ती म्हणाली. "आता इथी जिची ती आपल्या बापाचं सांगन."